बेटावरचा मुक्काम आणि आजीचा चौविहार

दुधनीच्या बाजार आवारात तुरीची आवक पौष-माघात शिगेला पोहोचते आणि चैत्र उजाडेपर्यंत ओसरू लागते. आडत दुकानांतील लगबग मंदावते, मुलांच्या परीक्षा संपतात, उन्हाचा पारा चाळिशी ओलांडतो आणि घरोघरी सहलीचा विषय निघतो. पूर्वी त्याची उत्तरे ठरलेली असत: कुंथलगिरी, श्रवणबेळगोळ, शिखरजी, पालिताणा. अलीकडे पुण्यात किंवा हैदराबादेत नोकरीस असलेला मुलगा भ्रमणध्वनीवर एक छायाचित्र दाखवतो. निळेशार पाणी, त्यात लाकडी खांबांवर उभी असलेली खोली आणि अवतीभवती दुसरे कोणीही नाही. ठिकाण मालदीव.

सगळ्यांना चित्र आवडते. मग आजी म्हणते, “तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळते.”

हे वाक्य बहुतेक घरांत फार लवकर मान्य केले जाते. आजीचा चौविहार आहे, कंदमूळ वर्ज्य आहे, सकाळ-संध्याकाळ सामायिक आहे. परदेशातील बेटावर हे कसे सांभाळायचे, असा विचार करून सर्वजण गप्प बसतात. तिच्या नियमांची यादी मात्र कोणी कागदावर मांडून पाहत नाही. मांडली तर असे दिसते, की त्यांतील काही नियम बेटावर खरोखरच पाळता येत नाहीत, परंतु बरेचसे केवळ आगाऊ व्यवस्थेवर अवलंबून असतात. कोणता नियम कोणत्या रकान्यात पडतो, हे तिकिटे काढण्यापूर्वी समजले पाहिजे.

याचे कारण बेटाच्या स्वरूपातच आहे. मालदीव हा सुमारे बाराशे प्रवाळबेटांचा देश. त्यांपैकी दोनशेहून कमी बेटांवर लोकवस्ती आहे. १९७२ मध्ये कुरुंबा येथे तेथील पहिले रिसॉर्ट उघडले आणि तेव्हापासून एका बेटावर एकच रिसॉर्ट अशी पद्धत रूढ झाली. सरकारकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या त्या बेटावर दुकान नाही, बाजार नाही, दुसरे उपाहारगृह नाही. गोव्यात एखाद्या हॉटेलातील जेवण पटले नाही तर दोन गल्ल्या ओलांडून शाकाहारी थाळी मिळते. बँकॉकमध्येही भारतीय खाणावळ सापडते. बेटावर मात्र जेवढे ठरले असेल तेवढेच मिळते. स्वयंपाकघरातील भाजीपाला, धान्य, दूध हे बहुतांशी बाहेरून होडीने येते आणि होडी येण्याचे दिवस ठरलेले असतात. धक्क्यावर उतरल्यानंतर “आम्ही जैन आहोत” असे सांगणे म्हणजे माल गाडीत भरून झाल्यावर वाणाची चौकशी करण्यासारखे आहे.

आता सूर्यास्ताची बाब. सहलीत सर्वांत जास्त घोटाळा येथेच होतो. मालदीवचे घड्याळ भारतापेक्षा अर्धा तास मागे असते. विषुववृत्ताजवळ असल्यामुळे तेथे दिवसरात्र वर्षभर जवळपास सारखीच असते आणि सूर्य बाराही महिने सहाच्या आगेमागेच मावळतो. मे महिन्यात दुधनीत पावणेसात उलटल्यावर सूर्यास्त होतो, तर माले येथे सव्वासहाच्या सुमारास. दुधनीच्या सवयीने साडेसहाला पानावर बसणाऱ्या आजीसाठी तेथे तोवर अंधारून आलेले असेल. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे आधी जेवण आटोपण्याचा नियम असेल, तर साडेपाचच्या आतच पान उचलले गेले पाहिजे.

त्यात आणखी एक गुंता आहे. अतिथींना सायंकाळचा उजेड अधिक मिळावा म्हणून काही रिसॉर्ट्स आपल्या बेटापुरते घड्याळ एक तास पुढे ठेवतात. हातातील भ्रमणध्वनी आपोआप मालेची वेळ दाखवतो. भोजनगृहातील घड्याळ मात्र बेटाची वेळ दाखवते. अशा ठिकाणी सूर्यास्त सव्वासातला होतो आणि “पाचला जेवण द्या” असे सांगितले तर ते मालेच्या चार वाजता समोर येते. म्हणून वेळ ठरवताना घड्याळाचा आकडा न सांगता “सूर्यास्तापूर्वी दीड तास” असे लिहून कळवावे. तेथील प्रत्येक रिसॉर्टला सूर्यास्ताची वेळ तोंडपाठ असते. अतिथींचा निम्मा कार्यक्रम तिच्यावरच बेतलेला असतो.

रिसॉर्टमधील दुपारचे जेवण साधारणतः अडीच-तीनपर्यंत संपते आणि रात्रीचे सात-साडेसातला सुरू होते. आजीची वेळ नेमकी या दोहोंच्या मध्ये पडते, स्वयंपाकी विश्रांतीवर असतात तेव्हा. ही अडचण विनंतीने सुटते, पण ती विनंती आरक्षण करतानाच करावी लागते. ताट खोलीवर मागवले तर त्याचे वेगळे शुल्क लागेल काय, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे. शक्य असल्यास सर्व कुटुंबाने आजीबरोबरच त्या वेळी जेवावे. सातच्या भोजनगृहात बाकीचे सर्व आणि खोलीत आजी एकटी, अशी विभागणी पहिल्या दिवशी झाली की ती शेवटपर्यंत तशीच राहते. मग तिला नेऊन न नेल्यासारखेच.

सकाळची बाजू तुलनेने सोपी आहे. सूर्योदय सहाच्या आसपास होत असल्याने नवकारशी पावणेसात-सातपर्यंत येते आणि न्याहारी बहुतेक ठिकाणी सातनंतरच असते.

स्वयंपाकघराशी बोलताना “जैन” हा एक शब्द पुरेसा समजू नये. मालदीवच्या रिसॉर्टांत भारतीय, श्रीलंकन आणि बांगलादेशी स्वयंपाकी पुष्कळ आहेत आणि त्यांतील अनेकांना हा शब्द ठाऊक असतो. परंतु त्यांच्या लेखी त्याचा अर्थ कांदा-लसूण नको एवढाच असतो. मग ताटात बटाट्याची भाजी आणि गाजराची कोशिंबीर हसतमुखाने येते. यासाठी इंग्रजीत एक पानाची यादी करावी. कांदा, लसूण, बटाटा, रताळे, गाजर, मुळा, बीट, ओले आले, अळंबी ही एका बाजूला. अंडे, मासे, मांस आणि त्यांपासून झालेले पदार्थ दुसऱ्या बाजूला. मध वर्ज्य असेल तर तेही लिहावे. वाळलेली हळद, सुंठ चालते की नाही, हेही स्पष्ट करावे, नाहीतर स्वयंपाकी घाबरून सर्वच मसाले काढून टाकतो आणि आजीसमोर उकडलेला भोपळा येतो. यादीच्या शेवटी चालणाऱ्या पदार्थांची नावे द्यावीत: तुरीचे वरण, मुगाची खिचडी, दुधी, दोडका, भेंडी, कोबी, टोमॅटोचे सार, फुलके, भात, दही. निषेधाची यादी वाचून गोंधळलेल्या माणसाला चार होकारांचा फार आधार असतो.

यादीतील दुसऱ्या बाजूचे काही शब्द अधिक खुलाशाने लिहावे लागतात, कारण ते पदार्थांत दिसत नाहीत. मालदीवच्या आहाराचा कणा ट्यूना मासा. तो वाळवून, किसून आणि आटवून अनेक पदार्थांत घालतात. न्याहारीला ‘मस हुनी’ नावाचा पदार्थ असतो. पाहताक्षणी तो खोबऱ्याच्या ओल्या किसाची कोशिंबीर वाटतो, पण ‘मस’ म्हणजे मासा. श्रीलंकन पद्धतीच्या खोबऱ्याच्या चटणीतही वाळलेल्या माशाचा चुरा असणे नेहमीचे आहे. थाई पद्धतीच्या रश्श्यांच्या वाटणात कोळंबी, चिनी भाज्यांत ऑयस्टर सॉस, थरथरणाऱ्या गोड पदार्थांत जिलेटिन, नानच्या पिठात कधी अंडे, सुपात मांसाचा अर्क. बुफेतील भाजीच्या भांड्यात शेजारच्या भांड्यातील चमचा जातोच. म्हणून आजीसाठी बुफे नको, वेगळ्या भांड्यात शिजवलेले ताट हवे, असे ठरवणे बरे. तेथील ‘रोशी’ ही पातळ पोळी मात्र पीठ, पाणी, मीठ आणि तेल यांचीच असते, आणि दुधनीच्या माणसाला ती अगदी परकी वाटत नाही.

हे पत्र प्रवास कंपनीमार्फत पाठवावे, पण उत्तर मात्र मुख्य स्वयंपाक्याचे हवे. “सगळी व्यवस्था होईल, साहेब” हे दलालाचे तोंडी आश्वासन बेटावर चालत नाही. प्रवासाच्या निदान पंधरा दिवस आधी लेखी होकार मिळाला, तर दुधी-भेंडी होडीवर चढतात. होकार आला नाही, टोलवाटोलवी झाली, तर ते रिसॉर्ट सोडून द्यावे. दीडशेहून अधिक रिसॉर्ट्स आहेत. एकाचाच हट्ट धरण्याचे कारण नाही.

डाळीची काळजी मात्र करू नये. भारत आणि मालदीव यांच्यातील १९८१ च्या व्यापार करारानुसार तांदूळ, गव्हाचे पीठ, साखर, डाळ अशा जीवनावश्यक वस्तू भारतातून ठरावीक कोट्याने तेथे जातात. देशात एखाद्या वस्तूच्या निर्यातीवर बंधने असतानाही या कोट्याची वाट मोकळी ठेवण्यात आली आहे. भर समुद्रातील त्या ताटातले वरण पाहून दुधनीचा तूर व्यापारी डाळीचा दाणा बोटांनी दाबून प्रत पाहील, यात शंका नाही.

पाण्याविषयी थोडक्यात. या बेटांवर नद्या नाहीत. पिण्याचे पाणी समुद्राचे खारेपण काढून तयार करतात. उकाळलेल्या पाण्याचा नियम असणाऱ्यांनी खोलीतील किटलीवर विसंबू नये. तीत आधीच्या अतिथीने काय उकळले असेल ते सांगता येत नाही. घरची छोटी स्टीलची किटली, गाळणे आणि दोन झाकणबंद भांडी बरोबर न्यावीत.

सामानाची बाब किटलीपाशी संपत नाही, कारण वजनाला मर्यादा आहे. दूरच्या बेटांवर जाण्यासाठी पाण्यावर उतरणारे छोटे सीप्लेन असते. त्यात सामान्यतः माणशी वीस किलो सामान आणि पाच किलोची हातपिशवी एवढेच चालते. वरच्या वजनाचे पैसे पडतात. खाकऱ्यांचे चार डबे भरणाऱ्यांनी हे आधीच तोलून पाहावे. दमट हवेत मेथीचे ठेपले दोन दिवसांत आंबतात. त्यापेक्षा सोलापूरकडची कडक भाकरी आणि बिनलसणाची शेंगा चटणी हवाबंद पिशव्यांत न्यावी. ती टिकते, हलकी असते आणि ऐन वेळी ताट बिघडले तर एक जेवण भागवते. लोणचे, तूप हातपिशवीत ठेवू नये. ते विमानतळावरील तपासणीत काढून घेतले जाते.

एक गोष्ट मात्र अजिबात नेऊ नये. मालदीवच्या कायद्यानुसार पूजेची मूर्ती देशात आणण्यास मनाई आहे. प्रवासात छोटी धातूची प्रतिमा बरोबर ठेवण्याची अनेक घरांत प्रथा असते. तेथे ती सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या हाती जाण्याचा प्रसंग येऊ शकतो आणि त्या अविनयाची रुखरुख सहलभर पुरते. मूर्ती घरच्या देव्हाऱ्यातच राहू द्यावी. सामायिक, जप, स्तोत्रपठण खोलीत शांतपणे करता येते. उघड्यावर पूजा-आरती करू नये. खोलीच्या पायऱ्यांशी समुद्राची गाज असते. सामायिकाला याहून शांत जागा दुधनीच्या बाजारपेठेत मिळणे कठीण.

सीप्लेन केवळ दिवसाउजेडी उडते. मुंबई किंवा बंगळूरुहून येणारे विमान दुपारी उशिरा माले विमानतळावर उतरले, तर ती रात्र राजधानीच्या परिसरात काढावी लागते आणि पहिल्याच दिवशी चौविहाराची तारांबळ उडते. म्हणून दुपारी बाराच्या आत उतरणारे विमान निवडावे आणि त्या दिवसाचा डबा घरूनच घ्यावा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे विमानतळापासून अर्ध्या तासाच्या अंतरावरील, वेगवान होडीने पोहोचता येणारे बेट घेणे. सीप्लेनचे जाण्या-येण्याचे शुल्क अनेक ठिकाणी माणशी चारशे डॉलरांच्या पुढे जाते. सहा माणसांच्या कुटुंबाला त्या रकमेत आणखी एक मुक्काम घडेल. आजीच्या गुडघ्यांसाठी पाण्यावरची खोलीही टाळावी. छायाचित्रात ती सुंदर दिसते, पण तेथपर्यंतचा लाकडी पूल लांबलचक असतो आणि कठडेही सर्वत्र नसतात. वाळूवरची खोली घ्यावी, नातवंडांसाठीही तीच सुरक्षित.

पैशाच्या बाबतीत दुधनीच्या वाचकाला फार सांगावे लागणार नाही. भाव आणि हाती पडणारी रक्कम यांत हमाली, तोलाई, अडत उभी असते, हे तो लहानपणापासून पाहत आला आहे. रिसॉर्टच्या दरापुढे अधिकचे दोन चिन्ह असतील, तर त्यात सेवाशुल्क आणि कर धरलेले नाहीत असे समजावे. सेवाशुल्क बहुधा दहा टक्के. पर्यटनावरील वस्तू व सेवा कर १ जुलै २०२५ पासून सतरा टक्के. शिवाय हरित कर, जो १ जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये दरडोई दर रात्री बारा डॉलर झाला. दोन वर्षांखालील बालकांना तो लागत नाही. येथेही एजंटाकडून सर्व धरून, रुपयांत आणि लेखी आकडा घ्यावा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस वसूल होतो, तो पुढे आयकराच्या हिशोबात वळता होतो; तेव्हा पैसे कोणाच्या नावाने भरायचे हे आधी चार्टर्ड अकाउंटंटला विचारावे.

जेवणाच्या योजनांत एक सापळा आहे. ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ हा शब्द ऐकायला सोयीचा वाटतो, पण त्या वाढीव दराचा मोठा भाग मद्याचा असतो. जे कुटुंब मद्याला शिवणार नाही, त्याने त्याचे पैसे का भरावेत? तीन जेवणांची ‘फुल बोर्ड’ योजना घ्यावी. मात्र तीत पिण्याचे पाणी आणि चहा-दूध धरले आहे काय, हे विचारून घ्यावे. अनेक ठिकाणी नसते.

प्रवासाची कागदपत्रे त्या मानाने साधी आहेत. भारतीय पर्यटकांना आगमनावेळी विनाशुल्क व्हिसा मिळतो; प्रवासापूर्वीच्या शहाण्णव तासांत एक ऑनलाइन घोषणापत्र भरावे लागते आणि तेही विनाशुल्क असते. ते भरून देण्याचे पैसे मागणाऱ्या संस्थळांपासून दूर राहावे.

बेटावर पोहोचल्यावर एक प्रश्न मुलांकडून येईल. पॅकेजमध्ये ‘सनसेट फिशिंग’ नावाची सफर अनेकदा मोफत असते. सूर्यास्ताच्या वेळी होडीतून गळ टाकायचा आणि मिळालेला मासा रात्री शिजवून घ्यायचा. मोफत आहे म्हणून मुले नाव नोंदवतात, कधी अर्थ न कळताही. ती सफर नाकारून त्याऐवजी डॉल्फिन पाहण्याची फेरी मागितल्यास बहुतेक ठिकाणी बदलून मिळते.

किनाऱ्यावरच्या शिंपल्यांचा मोहही असाच. रिकाम्या शंखात संन्यासी खेकडा घर करतो. आज उचललेला शंख उद्याच्या जिवाचे घर असतो. पाठशाळेतील मुलांना शंख आणि कवडी हे द्वीन्द्रिय जीव म्हणून शिकवले जातात. ते येथे प्रत्यक्ष हलताना दिसतात. प्रवाळाची गणना जीवविचारात पृथ्वीकायात केली आहे, तर आधुनिक शास्त्र त्याला प्राणी म्हणते. दोन्ही बाजू त्याला सजीव मानतात, तेव्हा त्यावर पाय ठेवू नये याबद्दल वाद उरत नाही. प्रवाळ देशाबाहेर नेण्यास तेथील कायद्यानेही बंदी आहे. कवडीची आणखी एक ओळख मुलांना सांगण्याजोगी आहे. आपण ‘कवडीमोल’ म्हणतो ती चलनातील कवडी कित्येक शतके याच बेटांवरून भारतात, विशेषतः बंगालकडे जहाजे भरून येत असे आणि परतीच्या वाटेवर तांदूळ जात असे.

समुद्र हा जैन व्यापाऱ्याला परका नाही. श्रीपाल राजाच्या कथेतील धवल शेठची गलबते ओळीच्या दिवसांत घरोघरी ऐकली जातात. सोलापूरच्या जैन घराण्यात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या सिंधिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

तरीही काही नियम बेटावर पाळता येत नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मालदीवमध्ये जिनमंदिर नाही. रोज जिनदर्शन घेतल्याशिवाय अन्नपाणी न घेण्याचा ज्यांचा नियम आहे, त्यांना तेथे जाता येणार नाही. प्रतिमाधारी श्रावक-श्राविका, शोधाचेच भोजन घेणारे, विहिरीच्या पाण्याचा आग्रह असणारे यांच्यासाठी कोणतेही रिसॉर्ट स्वयंपाकघर योग्य नाही; वेगळी भांडी दिली तरी चूल तीच असते. चातुर्मासात प्रवासाची मर्यादा घेतलेल्यांनाही हे आपोआप वर्ज्य ठरते. अशा आजीला आग्रह करणे म्हणजे तिला नियम आणि नातवंडे यांपैकी एक निवडायला लावणे. तिच्यासाठी सहलच दुसरी आखावी. देशातल्या देशात गोवा किंवा कोकण किनाऱ्यावर स्वतंत्र बंगला घेऊन घरची चूल पेटवता येते, आणि समुद्र तोच आहे. लक्षद्वीपचा विचार करणाऱ्यांनी प्रवेशपरवाना आधी काढावा. तेथेही आहार मुख्यतः मासळीचा आहे, त्यामुळे वरील पत्रव्यवहार चुकत नाही.

ज्यांच्या आजीचे नियम चौविहार, कंदमूळत्याग, उकाळलेले पाणी आणि सामायिक एवढे आहेत, त्यांनी मात्र तिचे “तुम्ही जाऊन या” ऐकून थांबू नये. एप्रिल किंवा मेचा पहिला पंधरवडा त्यांच्या सोयीचा. यार्डात काम कमी, मुलांना सुट्टी, चातुर्मास दूर आणि तेथील कोरडा हंगाम संपत आलेला. मेच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मोसमी वारे तेथे पोहोचतात, दर उतरतात, पण समुद्र खवळतो आणि होडीचा प्रवास आजीला झेपत नाही.

निघण्याच्या आदल्या सायंकाळीच स्वागतकक्षातून बिल मागून घ्यावे. परतीची होडी कित्येकदा पहाटे असते आणि त्या घाईत आकडे पाहणे होत नाही. न घेतलेली पेये, रद्द केलेली सफर, दोनदा धरलेला हरित कर अशा चुका एखाद्या ओळीत असतातच. आडत दुकानात पट्टी जशी ओळ अन् ओळ वाचून मगच शेतकऱ्याच्या हाती देतात, तशी ती वाचावी. आणि त्याच वेळी दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीचा, आजीच्या यादीप्रमाणे बांधलेला डबा स्वयंपाकघराला सांगून ठेवावा. नवकारशीची वेळ होईल तेव्हा कुटुंब बहुधा विमानतळावर असेल.